खंदकातला संसार

बुटांचा एक जोड आहे. मऊ पिवळ्या चामड्याचा, गुडघ्यापर्यंत येणारा, वरपर्यंत नाडीनं आवळायचा. मुळात इंग्रज वैमानिकांसाठी केलेला. पण आता तो केमरिख नावाच्या एका जर्मन पोराच्या खाटेखाली ठेवलेला आहे. खाट फौजी इस्पितळातली. केमरिखचा पाय कापला आहे, तोंडावर मरणकळा आली आहे. भेटायला आलेल्या मित्रांपैकी म्युलरची नजर बुटांवर पडते आणि तिथून हलत नाही. तो ते हातात घेऊन बघतो, मागतो, पुन्हा मागतो. शेवटी शेजारी उभा असलेला पॉल त्याच्या पायावर पाय देतो, तेव्हा कुठं म्युलर ते खाली ठेवतो.

एरिख मारिया रेमार्कच्या ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ या कादंबरीतला हा प्रसंग कॉलेजात असताना पहिल्यांदा वाचला, तेव्हा मला म्युलरची किळस आली होती. मित्र मरतोय आणि याला बुटांचं पडलंय! पण दोन पानं पुढं कादंबरीचा निवेदक पॉल आपल्याला त्याची बाजू समजावून सांगतो. बुटांचा केमरिखला काही उपयोग असता, तर म्युलर स्वतः काटेरी तारांवरून अनवाणी गेला असता पण त्यांना शिवला नसता. आता ते केमरिखच्या कामाचे नाहीत, आणि तो डोळे मिटताच इस्पितळातला कुणीतरी ते पळवणार. मग ज्याचे बूट फाटलेत त्यानं ते घेऊ नयेत का? खंदकात चांगला बूट म्हणजे धड पाय, आणि धड पाय म्हणजे जीव. पुढे ते बूट म्युलरच्या पायात जातात. म्युलर मरतो, ते पॉलकडे येतात. पॉलनं ते आधीच आणखी एका सोबत्याला, त्यादेनला, कबूल करून ठेवलेत. आणि ऑक्टोबर १९१८ मध्ये, युद्ध संपायला जेमतेम महिना उरलेला असताना, पॉलही जातो.

पहिल्या महायुद्धाच्या कथा-कादंबऱ्या वाचत गेले तसं एक नवल मनात घर करून बसलं. हे लेखक फ्रेंच, जर्मन, इंग्रज, हिंदी. बहुतेक एकमेकांना न ओळखणारे. काही तर एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या फौजांतले. आणि सगळ्यांच्या पानांवर येऊन जाऊन तेच: बूट, पाव, उवा, शेगडी, बसायला एक कोरडी फळी, घरून आलेलं पत्र. लढाई थोडी, संसार फार. असं का व्हावं?

उत्तराचा एक मोठा भाग मला खंदकाच्या आकारातच सापडतो. १९१४ च्या अखेरीला पश्चिम आघाडीवरच्या फौजा जमिनीत शिरल्या. मशीनगन आणि तोफा यांच्यापुढे उघड्या रानात उभं राहणं अशक्य झालं होतं. दोन्ही बाजूंनी चर खणले, ते वाढत वाढत स्वित्झर्लंडच्या सीमेपासून बेल्जियमच्या समुद्रापर्यंत जाऊन भिडले. सुमारे ७०० किलोमीटर. हे खंदक सरळ रेषेत खणत नसत, थोड्या थोड्या पावलांवर त्यांना काटकोनी वळण देत. गोळा आत पडला तर त्याचा तडाखा त्या एका कप्प्यापुरताच राहावा आणि शत्रू आत उतरलाच तर त्याला लांबपर्यंत सरळ गोळ्या झाडता येऊ नयेत, म्हणून. आता त्यातला शिपाई डोळ्यांसमोर आणा. पुढे मातीची भिंत, मागे तशीच, चार पावलांवर वळण, आणि वर आभाळाची एक पट्टी. डोकं वर काढलं की समोरचा नेमबाज टिपणार. पलीकडे बघायचंच असेल तर पेरिस्कोपच्या आरशातून.

याआधीची युद्धवर्णनं आठवून बघा. पानिपतच्या बखरी घ्या: कोण कुठे उभा, उजवी बगल कुणाकडे, हत्ती कुठे, निशाण कुठे, सगळा पट समोर मांडलेला. टॉलस्टॉयचा पिएर बोरोदिनोची लढाई टेकडीवरून बघतो, सकाळच्या उन्हात पसरलेली. लढाई ही पूर्वी डोळ्यांनी बघायची गोष्ट होती. खंदकात डोळ्यांना कामच उरलं नाही. समोर दिसते ती पुढच्या माणसाची पाठ. मग लिहिणाऱ्यानं करावं काय? त्यानं कान, नाक, हात, पाय यांच्याकडून काम करून घेतलं. मला वाटतं, कथनकलेत त्या चार वर्षांत झालेला हा केवढा तरी मोठा बदल आहे, आणि तो कुठल्या साहित्यिक चळवळीनं केला नाही, कुदळ-फावड्यानं केला.

कानाचं उदाहरण घ्या. रोलां दोर्जेलेसच्या ‘लाकडी क्रूस’ या १९१९ च्या फ्रेंच कादंबरीत एक तुकडी टेकडीवरच्या खंदकात बसलेली आहे. रात्री कुणाच्या तरी लक्षात येतं की पायाखालून ठक-ठक ऐकू येतंय. खाली शत्रू भुयार खणतोय, ते सुरुंगाच्या दारूनं भरणार आणि वरचं सगळं उडवणार. पळायची सोय नाही, जागा सोडायचा हुकूम नाही. आणि इथं एक भयंकर उलटापालट होते. ज्या आवाजानं थरकाप होतो, तोच आवाज चालू राहावा अशी ही माणसं प्रार्थना करायला लागतात. कारण कुदळ चालू आहे तोवर भुयार पुरं झालेलं नाही. आवाज थांबला की समजायचं, आता दारूची पोती रचली जाताहेत. शेवटी बदली तुकडी येते. हे लोक जागा सोडून निघतात, थोडं अंतर जातात, आणि मागे स्फोट होतो. त्या सबंध प्रकरणात शत्रूचा एक माणूस दिसत नाही.

आणि पाय. भातलावणीच्या दिवसांत दिवसदिवस चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, हे कोकणात कुणालाही सांगावं लागत नाही. फ्लँडर्समध्ये जमिनीत दोन-तीन फुटांवर पाणी. तिथल्या हिवाळ्यात तीच अवस्था दिवसरात्र, बर्फाळ पाण्यात, ओल्या आवळलेल्या बुटांच्या आत. पाय सुजत, बधिर होत, काळे पडत आणि कधी कधी कापावे लागत. इंग्रज फौजेनं यावर जो उपाय काढला तो मला फार हलवून टाकतो. देवमाशाचं तेल, कोरडे मोजे आणि जोडीदार. दोघादोघांच्या जोड्या लावून दिलेल्या. प्रत्येकानं दुसऱ्याचे पाय तेलानं चोळायचे. ज्या जगात माणसं माणसांना मारायला आणली होती, तिथं रोज एका ठरलेल्या वेळी हजारो पुरुष एकमेकांचे पाय मांडीवर घेऊन बसत होते.

उवांबद्दल तर सगळेच लिहितात. रेमार्कचा त्यादेन बूटपॉलिशच्या डबीचं झाकण मेणबत्तीच्या तुकड्यावर तारेनं टांगतो आणि वेचलेल्या उवा त्यात टाकतो. टच्‌ असा आवाज आणि खेळ खलास. उघड्या अंगानं गोल करून बसलेली ती पोरं गप्पा मारत उवा वेचतात, आणि गप्पांचा विषय असतो, उद्या शांतता झाली तर काय करशील? शाळेतून थेट फौजेत आलेल्यांना धड उत्तर देता येत नाही. खंदकातल्या ज्या तापानं लाखो माणसं आजारी पडली तो या उवांमुळेच येतो, हे युद्धाच्या शेवटच्या वर्षी सिद्ध झालं. पुढे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टॉल्किनला सोमच्या आघाडीवरून १९१६ मध्ये मायदेशी पाठवलं ते याच तापामुळे. एका उवेनं जगाच्या साहित्यावर केवढे उपकार केले, म्हणायचे.

आता आंरी बार्ब्यूसकडे येते, कारण ही सगळी वाट त्यानं आधी मळली. युद्ध पेटलं तेव्हा तो ४१ वर्षांचा, फुप्फुसं अधू, नाव झालेला लेखक-पत्रकार. आघाडीवर जायची त्याच्यावर सक्ती नव्हती. तो आपणहून साधा शिपाई म्हणून गेला. ‘आग’ ही त्याची कादंबरी १९१६ मध्ये आधी वर्तमानपत्रातून क्रमशः आली, मग पुस्तक झालं, आणि त्याच वर्षीचं गाँकूर पारितोषिक तिला मिळालं. युद्ध चालू असताना! सेन्सॉर डोळ्यांत तेल घालून बसलेला असताना! तिचं उपशीर्षकच सगळं सांगतं: एका तुकडीची रोजनिशी. कुणी एक नायक नाही. कुणी खाणकामगार, कुणी शेतकरी, कुणी दुकानात काम करणारा; एका चुलीवर जेवणारं हे कुटुंब, आणि त्या कुटुंबाची डायरी.

त्यात एक चिमुकलं प्रकरण आहे, दोन पानांचं. निवेदक काहीतरी लिहीत बसलाय. त्याच्या तुकडीतला बार्क जवळ येतो आणि विचारतो की तू आमच्यावर लिहिणार ना, मग आम्ही बोलतो तसंच लिहिणार की सगळं चोपडं करून? म्हणजे शिव्यांसकट? निवेदक म्हणतो, शिव्यांसकट. बार्कला तेवढ्यानं समाधान होत नाही. तसं छापलंस तर तुझ्या मित्रांतले लोक तुला डुक्कर म्हणतील, हे तो बजावतो. आणि तरीही तू लिही, असं त्याच्या बोलण्यात आहे. हे वाचताना मला दर वेळी थांबावं लागतं. चार बुकं शिकलेल्या साध्या माणसाची लेखकाकडे मागणी काय? माझं शौर्य लिही, असं नाही. माझी भाषा बदलू नकोस.

ही मागणी किती अवघड होती ते फ्रेडरिक मॅनिंगच्या बाबतीत दिसतं. ग्रीक-लॅटिनमध्ये रमणारा, प्रकृतीनं नाजूक असा हा ऑस्ट्रेलियन माणूस इंग्रज फौजेत साधा सोल्जर म्हणून सोमच्या लढाईत होता. त्याची कादंबरी १९२९ मध्ये निघाली ती फक्त ५२० प्रतींची, खासगी वर्गणीदारांसाठी. कारण सोल्जरांच्या तोंडची भाषा जशीच्या तशी होती. पुढल्या वर्षी सर्वांसाठी जी आवृत्ती आली तीत शिव्या गाळल्या होत्या, आणि पुस्तकावर मॅनिंगचं नावही नव्हतं. तिथं होतं ‘प्रायव्हेट १९०२२’, हा त्याचा खरा फौजी नंबर. मूळ भाषेतलं पुस्तक सर्वसामान्य वाचकाच्या हाती पडायला १९७७ साल उजाडलं. तोवर मॅनिंगला जाऊन चाळीसेक वर्षं झाली होती.

इंग्रज सोल्जरच्या त्या भाषेत आपले शब्द भेटतात याची गंमत काही औरच. ‘ब्लायटी’ हा त्यांचा सगळ्यात लाडका शब्द. ब्लायटी म्हणजे मायदेश, इंग्लंड. आणि ‘ब्लायटी’ जखम म्हणजे जीव जाणार नाही पण घरी मात्र धाडतील अशी, प्रत्येकाला मनातून हवीहवीशी जखम. हा शब्द आला ‘विलायती’वरून. हिंदुस्थानातल्या छावण्यांत गोऱ्या पलटणींनी तो उचलला, जिभेवर घोळवला आणि फ्रान्सच्या चिखलात नेला. ‘जरा डेको घे’ यातला डेको म्हणजे आपलं ‘देखो’, आणि ‘चिट’ म्हणजे चिठ्ठी. मँचेस्टरच्या गिरणीतलं पोरगं खंदकात घराच्या आठवणीनं व्याकूळ व्हायचं ते आपल्या बाजारातल्या शब्दात.

पण बार्ब्यूसला इतक्यात सोडवत नाही. त्याच्या पुस्तकात पोतरलू नावाचा एक खाणकामगार आहे. सूशे हे त्याचं गाव आघाडीच्या रेषेवरच आलेलं. एका धुक्याच्या सकाळी तो निवेदकाबरोबर आपल्या गावात जातो. आणि त्याला घर सापडत नाही. घर पडलंय हे त्याला माहीत होतं. पण घराची जागाच सापडत नाही. रस्ता कुठे होता, तेच कळत नाही. इथं असेल, नाही, तिथं असेल, असं म्हणत तो ढिगाऱ्यांतून हिंडतो. मग परतताना तो जे सांगतो ते मला या सबंध साहित्यातलं सगळ्यात मानवी पान वाटतं. त्याची बायको-मुलगी शत्रूच्या ताब्यातल्या लांस शहरात अडकलेली. एका रात्री, जर्मन फौजेतल्या ओळखीच्या काही अल्सेशियन सैनिकांच्या मदतीनं, जर्मन टोपी घालून तो तिथपर्यंत पोचला होता. घरापुढून चालत गेला. खिडकीतून त्यानं बघितलं. दिव्याच्या उजेडात त्याची बायको बसली होती, शेजारी जर्मन अधिकारी. आणि ती हसत होती.

दोन सैन्यांच्या बंदुका चुकवून माणूस आपल्या दारात जातो, आणि त्याला दिसतं हसू. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर इथं सूड आला असता. पोतरलू मात्र चालता चालता विचार करत राहतो. ती तरुण आहे. खोलीत ऊब होती, दिवा होता. तिनं काही मुद्दाम केलं नाही, हसू आलं म्हणून हसली. मी मेलो असतो तरी तिला कधीतरी हसावं लागलंच असतं. असं स्वतःला समजावत समजावत तो जवळजवळ आनंदी होतो, परत गेल्यावर घर पुन्हा कसं बांधायचं याचे बेत करतो. आणि मग एक गोळा येतो. बार्ब्यूस त्यावर एक शब्दही जास्तीचा खर्च करत नाही.

आता मी जिथं पोचायची वाट बघत होते तिथं येते. हे सगळं छापून येण्याच्या आधी, म्हणजे ‘आग’च्याही वर्षभर आधी, जून १९१५ च्या ‘सरस्वती’ या हिंदी मासिकात एक कथा आली. ‘उसने कहा था’. लेखक चंद्रधर शर्मा गुलेरी. घराणं मूळ कांगड्याकडच्या गुलेर गावचं, वाढले जयपूरला, संस्कृतचे गाढे पंडित, वय तेव्हा ३२ च्या आत-बाहेर. खंदक त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. आपल्या पलटणी मार्सेय बंदरात उतरल्या होत्या सप्टेंबर १९१४ च्या अखेरीला. त्यांनी लढलेली नव शापेलची लढाई झाली मार्च १९१५ मध्ये. आणि जूनमध्ये ही कथा छापून हातात! आपले शिपाई तेव्हाही त्याच चिखलात बसलेले होते. एवढ्या जवळून, एवढ्या लवकर, आणि युरोपातल्या नामवंतांच्या आधी आपल्याकडच्या एका भाषेत खंदकाचं इतकं सच्चं घर उभं राहावं, याचं मला आजही पुरतं आकलन होत नाही.

बहुतेकांना ही कथा प्रेमकथा म्हणून आठवते. अमृतसरचा बाजार, बारा वर्षांचा मुलगा, आठ वर्षांची मुलगी, ‘तुझी सोयरीक झाली का?’ ही रोजची चेष्टा, आणि पंचवीस वर्षांनी तीच मुलगी सुभेदारीण म्हणून समोर येऊन नवऱ्याला आणि मुलाला सांभाळ असं सांगते. ती प्रेमकथा आहेच. पण मधला खंदक नीट वाचा. पोटरीपर्यंत चिखल, लुधियान्याच्या दसपट थंडी, वरून पाऊस आणि गोळे. शिपायांची तक्रार मरणाची नाही, नुसतं बसून राहण्याची आहे. चढाई करू द्या म्हणतात. वजीरासिंग बादलीनं खंदकातलं गढूळ पाणी उपसून बाहेर फेकतो आणि जर्मनीच्या बादशहाच्या नावानं तर्पण करतोय असं म्हणून सगळ्यांना हसवतो. आणि लहनासिंग, कथेचा नायक, त्याचं प्रेम कशातून दिसतं? सुभेदाराचा मुलगा बोधा तापानं फणफणलाय. लहनानं आपली दोन्ही कांबळी त्याच्यावर घातलीत. त्याचा पहारा आपण करतोय. त्याला कोरड्या फळ्यांवर निजवून आपण चिखलात पडतोय. वर आणखी आपली जर्सी त्याच्या अंगात घालतो आणि थाप मारतो की मला विलायतेहून दुसरी गरम जर्सी आली आहे. दुसरी नसतेच. तो नुसत्या कोटात जाऊन पहाऱ्याला उभा राहतो.

प्रेमाचा एक शब्द न बोलता कांबळी, फळ्या, जर्सी. बार्ब्यूस आणि रेमार्क पुढे जे करतात ते गुलेरींच्या हाताला आधीच लागलेलं आहे. आणि कथेचा कळीचा प्रसंगही अशाच बारीक गोष्टीवर फिरतो. इंग्रज साहेबाच्या वेशात एक जर्मन खंदकात येतो आणि सुभेदाराला माणसं घेऊन पुढे जायला सांगतो. लहनाला संशय येतो तो कशावरून? साहेबानं त्याला सिगारेट पुढे केली, शीख शिपायाला! आणि साहेबाची उर्दू जरा जास्तच स्वच्छ, पुस्तकी. छावणीत वर्षानुवर्षं साहेबाबरोबर काढलेल्या माणसालाच ते ऐकू येईल. मग जखमी झाल्यावर लहना आपल्या बरगडीतली जखम खंदकातल्या ओल्या मातीनं भरतो, वर साफा आवळतो आणि कुणाला कळू देत नाही, कारण गाडीत बोधाला जागा मिळायला हवी. शेवट होतो तो वर्तमानपत्रातल्या यादीनं. कितवी यादी, कुठली पलटण, नाव, जखमांनी मृत्यू. सरकारी भाषेतली एवढीशी ओळ, आणि ती वाचताना आपल्याला जर्सी माहीत असते.

इथं एक आक्षेप मांडलाच पाहिजे, कारण तो घेणारा माणूस साधासुधा नव्हता. जाँ नॉर्टन क्रू हा फ्रेंच प्राध्यापक स्वतः दीर्घ काळ खंदकांत राहिलेला. परतल्यावर त्यानं युद्धावरची सुमारे ३०० फ्रेंच पुस्तकं वाचून काढली, आणि खरं काय, रचलेलं काय याची छाननी करणारा जाडजूड ग्रंथ १९२९ मध्ये छापला. संगिनींच्या झुंजी, रक्ताचे पाट, प्रेतांचे ढीग: ही वर्णनं लेखकांची आहेत, शिपायांची नव्हेत, असं तो ठणकावून सांगतो. बार्ब्यूस आणि दोर्जेलेस यांना त्यानं झोडपलंय. रेमार्कवरही अशी टीका झाली की हा आघाडीवर होताच किती दिवस? आठवडेच मोजायचे, जुलै १९१७ च्या शेवटी तो जखमी होऊन इस्पितळात गेला तो गेलाच.

क्रूचा राग मला समजतो. मित्र गेलेल्या माणसाला भडक रंग सोसवत नाहीत. पण त्याची कसोटी लावली तर गुलेरी पहिल्या पानावर बाद होतात, कारण ते तिथं नव्हतेच. आणि मुल्कराज आनंदही. पलटणीतल्या बापाच्या पोटी जन्मलेल्या आनंदांनी पंजाबी शेतकऱ्याचं पोर लालू याला फ्रान्सच्या खंदकात नेणारी ‘अक्रॉस द ब्लॅक वॉटर्स’ ही इंग्रजी कादंबरी लिहिली, दुसरं महायुद्ध तोंडावर आलेलं असताना. लालूला मार्सेयमध्ये सगळ्यात जास्त नवल कशाचं वाटतं? गोरे लोक हमाली करताना, शेतात राबताना दिसतात याचं. त्यांच्याही शेणानं भरलेल्या गोठ्यांचं. हे तपशील कुणी खंदकात जाऊन जमवलेले नाहीत, तरी त्यांत खोट शोधून सापडत नाही. माझं मत असं की या पुस्तकांतले रक्ताचे पाट क्रूला खुशाल द्यावेत. बूट, जर्सी आणि शेणाचा वास यांना तो हात लावू शकत नाही.

आपल्याकडचे बहुतेक शिपाई निरक्षर होते. फ्रेंच, जर्मन, इंग्रज पोरं सक्तीच्या शाळेतून गेलेली; साध्या शिपायाला लिहिता-वाचता येतं असं एवढ्या प्रमाणावर त्याआधीच्या युद्धांत क्वचितच झालं होतं, आणि म्हणून त्यांच्यातून लेखक निघाले. आपला माणूस पत्र सांगायचा, दुसरा कुणी लिहायचा, सेन्सॉर उघडून वाचायचा आणि त्याचे निवडक उतारे इंग्रजीत करून ठेवायचा. ते उतारे आज लंडनला आहेत. त्यांत काळी मिरी आणि लाल मिरची अशी भाषा भेटते. काळी म्हणजे आपले, लाल म्हणजे गोरे. कोण किती खर्ची पडतंय हे घरच्यांना कळवायची ती युक्ती. पुन्हा स्वयंपाकघरच.

मराठी पलटणींचा मोठा वाटा फ्रान्सकडे नव्हता, मेसोपोटेमियात होता. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी पुणे डिव्हिजनबरोबर टायग्रिसच्या वळणावरच्या कूत गावात डिसेंबर १९१५ पासून वेढल्या गेल्या. वळणाच्या तोंडावर त्यांचे खंदक. जानेवारीत नदीला पूर आला आणि पुढचे खंदक पाण्यात गेले. रसद संपत आली. घोडे मारून त्यांचं मांस द्यायला लागले. ते खायला आपल्याकडच्या शिपायांचं मन होईना. धर्मगुरूंची परवानगी हिंदुस्थानातून मागवली, तरी कित्येकांनी आठवडेच्या आठवडे हात लावला नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० माणसं शरण गेली. त्यांतले हजारो पुढे वाळवंटातल्या वाटचालीत आणि कैदेत संपले.

साताऱ्याकडच्या मिलिटरी अपशिंग्यात आजही सांगतात, या एका गावातून पहिल्या महायुद्धात ४६ जण कामी आले. आपल्याकडच्या कितीतरी गावांत त्या काळी सरकारनं बसवलेली दगडी पाटी सापडते. या गावातून इतके लोक युद्धावर गेले, त्यांपैकी इतके परत आले नाहीत. दोन आकडे. नाव एकही नाही. अशा पाटीपुढं उभं राहिलं की मला गुलेरींची शेवटची यादी आठवते, आणि मागे जर्सी शोधायला मन धावतं. त्या आकड्यांतला माणूस कूतच्या खंदकात कशावर निजत होता? त्याच्या तुकडीत वजीरासिंगासारखा हसवणारा कोण होता? हे सांगणारी मराठी कादंबरी मला अजून भेटायची आहे, आणि तिची मी मनापासून वाट बघते.

कूतच्या वेढ्याच्या हकिगतींत एक नोंद आहे. गावात जव होते, पण दळायची सोय पुरेशी नव्हती. तेव्हा विमानातून जात्याचे दगड टाकले गेले. ही नोंद वाचली की माझं बोट त्या ओळीवरून पुढे सरकत नाही. पाच-पाच माणसांच्या वाट्याला येईल एवढंही पीठ नाही, नदी पलीकडे तोफा, आणि आभाळातून पाळ उतरते आहे. खाली कुणी खेडचा, कुणी वाईकडचा शिपाई मान वर करून बघतोय. आईला पहाटे दळताना ऐकत मोठा झालेला. दगड वाळूत येऊन पडतो. तो जवळ जाऊन त्यावरून हात फिरवतो, टाकी नीट लावली आहे का बघतो, आणि विचार करायला लागतो की आता याला खुंटा कशाचा करावा.